तोंड नसलेली भट्टी

मित्रांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. उंच छत, जड मखमली पडदे, आणि कोपऱ्यात जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत चढलेली हिरवी, गुळगुळीत अशी एक वस्तू. हात लावाल तर गार. न्याहाळून पाहाल, तर कुठे दार नाही, झाकण नाही, साधं भोकसुद्धा नाही. माथ्यावर मातीचा एक बगळा एका पायावर उभा आहे. ओळखा बघू, ही वस्तू काय असेल?

ओळखता आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. या हॉटेलात उतरणाऱ्या भल्याभल्यांनाही येत नाही. मी एक जुनी भट्टी आहे. तुमच्या घरची चूल अन्न शिजवते. आमच्या व्हिएन्नात माझ्यासारख्या भट्ट्या खोली उबदार ठेवत. पोटात लाकडं जळत, अंगावरच्या मातीच्या फरशा तापत, आणि ती ऊब संध्याकाळपर्यंत टिके. आता माझ्या पोटात काही जळत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. गार राहून राहून तक्रार करण्याची सवयही जाते.

माझा जन्म डोंगरातल्या एका कुंभारवाड्यात झाला. माती मळली, साच्यात दाबली, भाजली, वर हिरवी झिलई चढवली आणि एकेक फरशी गवतात गुंडाळून गाडीने शहरात आणली. गवंड्याने मला इथे रचलं. बगळा सर्वांत शेवटी बसवला, तेव्हा त्याच्या चोचीचा टवका उडाला. गवंडी म्हणाला, एवढ्या वर कोण बघतंय, आणि जेवायला निघून गेला.

हे हॉटेल उभारलं आउरेलिया नावाच्या एका हौशी विधवेने. बाई मोठी विक्षिप्त. प्रत्येक खोलीला तिने एकेका पक्ष्याचं नाव दिलं. लिफ्टमध्ये कोच ठेवला. सगळी घड्याळं मुद्दाम थोडी मागे लावली, म्हणजे पाहुण्यांना घाई वाटू नये. पण तिचा खरा हट्ट वेगळाच होता. पाहुण्याला सुख मिळावं, पण ते देणारा हात दिसू नये. म्हणून तिने भिंतींच्या आत अरुंद बोळ काढले. नोकरांनी त्या बोळांतून फिरायचं, पायांत लोकरीचे जोडे घालून. बोळातून खोलीत उघडणाऱ्या दारांवर भिंतीचाच फुलाफुलांचा कागद चिकटवलेला, आणि दाराला अशी स्प्रिंग की सोडलं की ते आपोआप मिटे. आम्हा भट्ट्यांची तोंडंही तिने बोळात ठेवली. म्हणजे मी खोलीत ऊब द्यायची, आणि घास मात्र पाठीमागून खायचा.

मला घास देणाऱ्याचं नाव वेन्झेल होराचेक.

पाहुणे उठायच्या आधी तो बोळात येई. माझं लोखंडी दार उघडून राख ओढी, बीच झाडाची लाकडं रची, पेटवी, आणि दार लावल्यावर त्यावर तळहात टेकून थोडा वेळ उभा राही. मग माझ्या पाठीला टेकून बसे आणि चरबी लावलेला पाव कांद्याबरोबर खाई. पुढच्या बाजूला पाहुणे जागे होत, माझ्याजवळ येऊन हात शेकत आणि म्हणत, वा, काय छान ऊब आहे. माझं अंग पोकळ, त्यामुळे त्यांचं बोलणं मागे वेन्झेलला ऐकू जाई. तो चावायचं थांबे, ऐके, आणि पुन्हा चावू लागे. त्याने ही खोली कधी पाहिली नाही. माझ्या माथ्यावर बगळा आहे, हेही त्याला चादरी बदलणाऱ्या बायकांकडून कळलं.

पुढे तळघरात मोठा बंब बसला आणि खोल्याखोल्यांत ऊब देणारे गरम पाण्याचे नळ आले. वेन्झेलला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्या दिवशीही त्याने दारावर हात टेकला आणि तो गेला. बोळाची कोठी झाली. माझ्या तोंडासमोर एक फळी आली आणि तिच्यावर उशा. वर्षं गेली, माणसं बदलली, आणि एक गंमत झाली. अशी गंमत फक्त याच घरात होऊ शकते. कोणी दिसू नये हा नियम इथे इतका चोख पाळला गेला होता, की इथे कोणी होतं, हे पुढे घरालाच आठवेना. हॉटेलच्या मोठ्या वाढदिवसाला कोणीतरी सजवून लिहिलं की हिरवी भट्टी केवळ शोभेची आहे. तिला तोंडच नाही, म्हणजे ती कधी पेटलीच नाही. तेव्हापासून मी प्रसिद्ध झाले. लोक मला बघायला येऊ लागले. मला काही वाटलं नाही.

मग एका नोव्हेंबरात हर्मीनबाई आल्या.

लेकाने त्यांच्या पंचाहत्तरीला इथला मुक्काम भेट दिला होता, आणि सोबतीला नात धाडली होती. नातीचं नाव व्रोनी. दहाएक वर्षांची, गुडघ्याला खरचटलेली, आणि गप्प बसण्याचं वावडं असलेली. हर्मीनबाई मात्र खोलीत शिरल्या त्या पाहुण्यासारख्या नाहीच. दाराशी बूट काढून भिंतीला नीट लावले आणि पडद्याजवळ उभ्या राहिल्या, जणू कोणी बस म्हणेपर्यंत बसायचं नाही.

सामान घेऊन लोइडोल्टसाहेब आले होते. हे इथले पोर्टर. चांदीसारखे केस, अदबीचं बोलणं. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे हात केला आणि तोंड नसलेल्या, कधी न पेटलेल्या भट्टीची गोष्ट सांगितली. हर्मीनबाईंनी मान हलवली आणि आभार मानले.

ते गेल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. आधी बगळ्याकडे पाहिलं, मग माझ्या फरशांवर गाल टेकला. मी गार होते. त्यांचा गालही गारच होता. बराच वेळ आम्ही दोघी तशाच होतो आणि दोघींनाही काही झालं नाही.

व्रोनीने विचारलं, "आजी, काय झालं?"

"काही नाही. तेच तर, काही होत नाहीये." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "माझे बाबा सांगायचे, हिरवी भट्टी आहे, वर बगळा आहे. मला वाटायचं, केवढा असेल तो बगळा. त्यांनी जन्मभर ही भट्टी पेटवली, व्रोनी. आणि हे म्हणतात, ती कधी पेटलीच नाही. मग बाबा रोज जायचे कुठे?"

व्रोनी म्हणाली, मग सांग ना त्यांना. त्यावर आजी म्हणाली, असं मोठ्याने बोलायचं नसतं इथे. मग तिने नातीला सांगितलं की आपली आईसुद्धा बाबांना टोमणे मारायची: हॉटेलात जातोस की गुत्त्यात, कोणी पाहिलंय तुला तिथे? आणि खरंच, त्यांना तिथे कोणी पाहिलेलं नव्हतं. बाबा हसून सोडून द्यायचे. आता आईही नाही, बाबाही नाहीत. विचारायचं कोणाला?

मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण सांगणार कशाने?

व्रोनीने त्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत चाचपलं. बोटांनी ठोकून पाहिलं आणि जाहीर केलं, "पोकळ आहे. पेटत असेल तर आत काजळी असणार. आत बघायला मिळालं की झालं." पण आत बघणार कुठून? ती खुर्चीवर चढली, माझ्या पायांखाली टॉर्च मारली, शेवटी बगळ्यालाच विचारलं. हर्मीनबाई म्हणाल्या, राहू दे गं, जेवायला चल. खाली लिव्हरचे गोळे घातलेलं सूप होतं. त्यांनी ते संपवलं. आवडलं का, असं विचारल्यावर आवडलं की, म्हणाल्या; डॉक्टरने विचारल्यावर बरं आहे म्हणावं, तसं.

निघायच्या दिवशी सकाळी त्या इतक्या शांत बसल्या होत्या, की खोली रिकामी आहे असंच कोणालाही वाटावं. तसं ते यद्रांकाला वाटलं. यद्रांका म्हणजे खोल्या आवरणारी बाई, गोलमटोल, बोस्नियाकडची. व्रोनी गालिच्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती, तेवढ्यात भिंतीवरच्या फुलांतून टॉवेलांचा ढीग घेऊन ती थेट खोलीत उतरली. मागे दार मिटलं आणि भिंत पुन्हा भिंत झाली.

यद्रांकाने कपाळाला हात लावला. "मेले मी. बाईसाहेब, तुम्ही मला पाहिलंच नाही, बरं का."

हर्मीनबाईंनी लगेच नजर खाली घातली, जणू चूक त्यांचीच. व्रोनी मात्र उठून भिंत चाचपत होती. मागे काय आहे, असं तिने विचारलं.

"काय असणार? उशा."

"आणि उशांच्या मागे?"

यद्रांकाने माझ्या हिरव्या अंगाकडे पाहिलं, मग दाराकडे. उशांच्या मागे काय आहे, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मुलीने तिचा हात धरून ओढायला सुरुवात केली होती. "चल," यद्रांका म्हणाली, "पण पटकन. लोइडोल्टसाहेबांनी पाहिलं तर मलाच एका उशीत भरून शिवून टाकतील."

दोघी भिंतीत गेल्या. आता लक्ष द्या, कारण मला दोन्ही बाजू आहेत आणि मी तुम्हाला दोन्हीकडचं सांगते आहे.

मागे यद्रांका उशा उतरवू लागली आणि व्रोनी त्या झेलू लागली. पुढे, नेमकं तेव्हाच, दारावर टकटक झाली. लोइडोल्टसाहेबांबरोबर काही नवे पाहुणे होते; बाईसाहेबांची हरकत नसेल तर भट्टी दाखवायची होती. हर्मीनबाईंनी आपणच मधे आल्यासारखी क्षमा मागितली आणि पडद्याच्या कडेला उभ्या राहिल्या. पाहुण्यांपैकी कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

लोइडोल्टसाहेब बोलू लागले. झिलई, बगळा, विक्षिप्त आउरेलिया. मग ते म्हणाले की आता तोंड शोधून दाखवा. पाहुणे हसले, वाकले, शोधू लागले.

मागे फळी सरकली. कित्येक वर्षांनी माझ्या दारावर उजेड पडला. व्रोनीने कडी ओढली, यद्रांकाने व्रोनीला धरून मागे ओढलं, आणि गंजलेलं लोखंड किंचाळलं. ती किंकाळी माझ्या पोटातून सरळ खोलीत गेली. पाहुणे मागे सरले. मग त्यांच्यासमोर, माझ्या बंद हिरव्या अंगातून, एका मुलीचा आवाज आला.

"आजी, आत काळं आहे."

लोइडोल्टसाहेबांचा हात हवेत तसाच राहिला.

हर्मीनबाई पडद्यापासून निघाल्या. पाहुण्यांच्या मधून वाट काढत माझ्याजवळ आल्या, आणि जन्मात कधी मोठ्याने न बोललेल्या त्या बाईने माझ्या फरशांना विचारलं, "किती काळं?"

"माझा हात कोपरापर्यंत काळा झाला. खूप आहे. राखही आहे."

हर्मीनबाई लोइडोल्टसाहेबांकडे वळल्या. "माझे वडील इथे कामाला होते," त्या म्हणाल्या. "वेन्झेल होराचेक. ते रोज येत होते."

लोइडोल्टसाहेबांनी हात खाली घेतला. वाईट माणूस नाही तो. जे ऐकलं तेच सांगत आला. त्याने हळूच नाव पुन्हा उच्चारून पाहिलं, बरोबर आहे ना म्हणून विचारलं, आणि म्हणाला, "मला हे कोणी सांगितलं नाही, बाईसाहेब." मग पाहुण्यांना घेऊन तो बाहेर गेला. जाताना एक म्हातारा पाहुणा थबकला आणि माझ्याकडे नाही, हर्मीनबाईंकडे पाहून त्याने टोपी काढली.

हर्मीनबाई भिंतीतल्या दाराने मागे बोळात आल्या. बोळ इतका अरुंद की यद्रांकाला श्वास आत ओढून उभं राहावं लागलं. हर्मीनबाईंनी लोखंडी दार पाहिलं, नातीचा काळा हात पाहिला, आणि त्या दारावर आपला तळहात टेकला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता त्या रडल्या असतील आणि मलाही ऊब आली असेल. तसं झालं नाही. त्यांचे डोळे कोरडे होते. "थंड आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण इथेच होते." हात मात्र त्यांनी लवकर काढला नाही. त्या हाताचं वजन मला जाणवलं. एवढंच, आणि तेवढं पुरे आहे.

मला कोणी पुन्हा पेटवावं, असं मागणं मी मागत नाही. माझी धुराची नळी कधीच बुजवून टाकली आहे. माझी एकच विनंती आहे. थंडीच्या दिवसांत तुम्हाला कुठे ऊब मिळाली, ताट वाढलेलं मिळालं, पांघरूण घडी घातलेलं मिळालं, तर त्या वस्तूला छान म्हणा आणि मग तिच्या मागच्या बाजूला जाऊन या. वस्तू जपणं सोपं असतं, नुसती धूळ पुसली तरी होतं. तिच्यामागची माणसं मात्र नाव घेतलं नाही तर पुसली जातात.

यद्रांकाला उशीर झाला होता. ती उशा उचलू लागली. हर्मीनबाईही उशा उचलू लागल्या, आणि दोघी हळू आवाजात कुठल्या गावच्या, किती मुलं, असं बोलू लागल्या. त्यांच्या पाठीमागे कागदाचं दार आपल्या सवयीने मिटायला निघालं.

व्रोनीने ते पाहिलं. ती खोलीत धावली, मखमली गादीची खुर्ची काळ्या हाताने ओढत आणली, आणि दार मिटू नये म्हणून ती उंबऱ्यात आडवी लावून टाकली.