धुराची बिअर

निघताना सुहासिनीबाईंनी गॅसचं बटण पाहिलं, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पहिल्या वळणावरून परत वर आल्या. लॅचच्या किल्लीने दार उघडून पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या श्यामसुंदररावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, आत्ताच पाहिलंस ना?"

"पाहिलं. तुम्हाला कसला वास येत नाही ना?"

"कसला?"

"कसलाच."

"मग नाही येत," असं म्हणून ते परत पेपरात शिरले.

रिक्षा मंडईवरून गेली तेव्हा सुहासिनीबाईंनी मान बाहेर काढली. फुलवाल्यांच्या टोपल्या होत्या, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होते, पुढे एक टेम्पो काळा धूर सोडत होता. डोळ्यांना सगळं दिसत होतं. नाक मात्र काच लावल्यासारखं बंद. मागे एकदा जबर ताप आला तेव्हा वास गेला होता. मग थोडा परत आला. मग कधी अत्तराचा फाया कोरडा वाटला, कधी हिंगाची डबी रिकामी वाटली, आणि गेल्या गौरींपासून तर काहीच नाही. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगणार कशा? लहानपणापासून सगळे त्यांच्या नाकावरून तर त्यांना ओळखत. शाळेत मधल्या सुट्टीत डबा न उघडता, कुणाच्या डब्यात काय आहे ते ही मुलगी सांगायची. लग्न होऊन कसबा पेठेत आली तेव्हा सासूबाईंनी गौरीच्या नैवेद्याचं पुरण तिच्या हाती दिलं तेही याच नाकाच्या भरवशावर. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. डाळ शिजली का, गूळ मुरला का, तळाला लागत तर नाही ना, हे सारं वासावर. सासूबाई गेल्या, वाड्याची इमारत झाली, चुलीची शेगडी आणि शेगडीचा गॅस झाला. पुरण मात्र सुहासिनीबाईंच्याच हाती राहिलं.

गेल्या वर्षी पंगत उठल्यावर त्या पातेलं घासायला टाकायला गेल्या आणि तळ पाहून जागीच उभ्या राहिल्या. तळ काळाठिक्कर होता. पंधरा माणसं जेवली होती आणि एकही जण काही बोलला नव्हता. वाढताना त्यांना पोळी जरा सावळी दिसली होती, पण गूळच काळा होता म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. मग त्या रात्रीपासून एकच प्रश्न. फक्त पातेल्याचा तळ धरला होता की सगळं पुरण करपलं होतं? स्वतःच्या वाट्याला पोळी उरली नव्हती, त्यामुळे जिभेलाही कळलं नव्हतं. विचारायचं म्हणजे आपल्याला वास आला नाही हे कबूल करायचं. आता पुन्हा गौरी तोंडावर आल्या होत्या. परवा सूनबाई, वल्लरी, सहज म्हणाली, "आई, यंदा पुरण बाहेरून सांगूया का? किती दगदग होते तुम्हाला." सहज म्हणाली, की ठरवून? तेव्हापासून सुहासिनीबाईंचं घरात लक्ष लागत नव्हतं.

आणि त्यात प्रेमलाचा फोन आला, बिअर प्यायला ये म्हणून.

प्रेमला बिबवेवाडीची. शाळेत होती तेव्हा तिचे वडील भाजीची बैलगाडी घेऊन मंडईत यायचे आणि येताना हिला मेथीच्या जुड्यांत बसवून आणायचे. त्याच शेतावर आता इमारती उभ्या होत्या, आणि जिथे कांद्याची चाळ होती तिथे प्रेमलाच्या नातवाने, समर्थने, बिअर गाळायचा कारखाना काढला होता. पुढे टेबलखुर्च्या, मागे काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. चार नव्या बिअर तयार झाल्या होत्या. आपल्या वयाची पोरं नुसतं "ऑसम" म्हणतात, त्यातून काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला जुनी नाकं हवी होती.

"आली बाई एकदाची," दारातच प्रेमला म्हणाली. "मला वाटलं, बिअर म्हटल्यावर तुळशीपाणी घेऊन बसली का काय."

जया आधीच येऊन बसली होती. ही तिसरी मैत्रीण, त्याच शाळेतली, पुढे जन्मभर गणित शिकवलेली. उत्तर बरोबर असलं आणि मधली एकच पायरी गाळली असली तरी तिने कधी अर्धा मार्क सोडला नव्हता. तिने घड्याळ पाहिलं. "दुपारी चार वाजता, एकाहत्तराव्या वर्षी, बिबवेवाडीत. आमच्या आईला हे आधीच कळलं असतं तर तिने मला शाळेतच घातलं नसतं."

"तुझी पहिली का गं?" प्रेमलाने विचारलं.

"पहिली कसली! ह्यांच्या कॅन्टीनची स्वस्त बाटली गोव्याला एकदा प्यायले होते. साबणाच्या पाण्यात निरमा घातल्यासारखी लागली होती."

समर्थ खळगे पाडलेल्या लाकडी फळ्या घेऊन आला. प्रत्येकीसमोर एक फळी, फळीवर काचेचा छोटा पेला. "आज्जी, नो चीटिंग हं. आधी वास घ्यायचा, एकेकीने एक शब्द सांगायचा, मग सिप. जया आज्जी, तुम्हीपण."

"मला कॉपी करायची सवय नाही, बाळा. पकडायची आहे."

पहिला पेला गुलाबी होता. सुहासिनीबाईंनी मुद्दाम चष्मा पुसायला काढला. तेवढ्यात प्रेमला म्हणाली, "आमसूल!" जया म्हणाली, "आमसूल, आणि थोडं ओलं गोणपाट." मग सुहासिनीबाईंनी पेला नाकाशी नेला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आमसूलच. उन्हात पूर्ण न वाळलेलं." समर्थला कोण आनंद झाला. घोट घेतला तर जीभ आंबट झाली, गाल आत ओढले गेले. जीभ शाबूत होती. तेवढंच.

दुसऱ्या पेल्यात हिरवट फेस होता. त्या पुन्हा मागे राहिल्या. "मिरीसारखं कायतरी हाय," प्रेमला म्हणाली. "तिरफळ," जया म्हणाली, "बांगड्याच्या आमटीत घालतात ते. बिअरमध्ये कुणी घालायला सांगितलं होतं देव जाणे." सुहासिनीबाईंनी त्यावर लिंबाच्या सालीची भर घातली आणि घोट घेतला. एकदम जीभ चरचरली, ओठ बधिरले, नाकाच्या मुळाशी काहीतरी झिणझिणलं. त्यांना वाटलं, आला! परत आला! घाईने त्यांनी पेल्यात नाक खुपसलं, पार फेस टेकेपर्यंत. दोनदा, तीनदा ओढून पाहिलं. झिणझिण्या हळूहळू विरल्या आणि मागे नुसतीच हवा राहिली.

"अगं, नाकाने पितेस की काय?" जया म्हणाली.

त्या हसल्या. बसल्या जागी पाय हलत होते ते त्यांनी दाबून धरले. उठून जावंसं वाटत होतं, आणि आणखी एकदा वास घेऊन पाहावासाही वाटत होता.

मग समर्थ तिसरा जग भरून आणायला मागे गेला. काचेचं दार उघडून तो बाहेर आला तसं सुहासिनीबाईंनी पदर सारखा केला, पेला पुढे केला. त्याने काळसर, दाट बिअर ओतली. "आता सुहास आज्जी फर्स्ट. तुम्ही दरवेळी मागे राहता आणि सगळ्यात भारी तुम्हीच सांगता."

"मी? नको, जयाला…"

"ओपनिंग तुम्हीच करा हो, आज्जी. प्लीज."

त्यांनी पेला उचलला. काळा रंग, वर बदामी फेस. काळं म्हणजे काय असणार? त्यांनी श्वास ओढला आणि नाकाने काही दिलं नाही, तेव्हा आठवणीने दिलं. "कॉफी," त्या म्हणाल्या. आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. "चिकोरीची. आमच्या लहानपणी बुधवार पेठेत दळून मिळायची. वडील शनिवारी आणायचे. कागदी पुडा घरी येईपर्यंत गरम असायचा, मी तो पोटाशी धरून चालायची. दुसऱ्या दिवशीही फ्रॉकला वास यायचा. तोच. अगदी तोच वास आहे हा."

समर्थने तोंड उघडलं आणि एकदम "आई गं" करत मिटलं. टेबलाखाली प्रेमलाची चप्पल त्याच्या पायावर पडली असावी. प्रेमला टेबलावरचा पाण्याचा डाग बोटाने पुसत होती.

"कॉफीच," जया म्हणाली. "बरोबर."

सुहासिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही जया. वर्गातल्या मुलीच नव्हे, लग्नाच्या पत्रिकेतल्या चुका दुरुस्त करून पत्रिका परत पाठवणारी. आणि तिचा पेला अजून फळीवरच होता. तिने तो उचललाही नव्हता.

"जया, तू वास घेतलास?"

"आला मला इथवर."

"कॉफीचा?"

जयाने पेला फळीवर उगाच सरळ केला. हीच शांतता सुहासिनीबाईंनी याआधी पाहिली होती, गेल्या वर्षी, पंधरा पानांवर. सगळे खाली मान घालून जेवत होते आणि त्यांना वाटलं होतं, जेवण रंगलंय.

"प्रेमला, तू तरी सांग. कसला वास आहे?"

प्रेमलाने डाग पुसायचं थांबवलं. "धूर हाय, सुहास. चुलीचा. पोरगं तिकडचं दार उघडून निघालं तवाच आला."

"स्मोक्ड मॉल्ट आहे, आज्जी," समर्थ हळूच म्हणाला. "आंब्याच्या लाकडाच्या धुरावर भाजलेलं मोडाचं धान्य. पण कॉफी पण… म्हणजे, थोडी…"

"गप बस रे," प्रेमला म्हणाली.

सुहासिनीबाई उठल्या. टेबलांमधून काचेपर्यंत गेल्या, टाक्यांकडे बघत उभ्या राहिल्या, परत आल्या, बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून म्हणाल्या, "जया, गेल्या वर्षी तू सवाष्ण होतीस माझ्याकडे. पुरण करपलं होतं का?"

"सुहास, आता ते…"

"होतं का?"

"होतं."

"थोडं की पुष्कळ?"

"हे," जयाने पेल्याकडे बोट केलं, "याच्यापेक्षा जास्त."

"तू दुसरी पोळी मागून घेतलीस! माझ्या डोळ्यांदेखत!"

"दुसरीबरोबर पुन्हा दूध वाढशील म्हणून घेतली. पहिली घशातच होती."

प्रेमलाच्या तोंडून फुर्रकन हसू निघालं आणि तिने पदर तोंडाला लावला. सुहासिनीबाईंना हसू आलं नाही. "आणि बोलली नाहीस? तू? माझ्या मंगळागौरीला, चकल्या दाताखाली दगडासारख्या लागतात, हे तू चार बायकांत म्हणाली होतीस."

"चकल्या चकल्या होत्या. तो प्रसाद होता. प्रसादाला नावं ठेवतात का?" जयाचा आवाज चढला. "तुझ्या सुनेने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मुकाट्याने खाल्लं. सगळ्यांनी तेच केलं. मला वाटलं, एखाद्या वर्षी होतं माणसाचं. वास येत नाही हे तू कुठे सांगितलंस? आज कळतंय मला. वर्षभर तू भरल्या डब्यांची नुसती झाकणं उघडतेयस आणि आम्हाला पत्ता नाही."

"गॅसचं काय करते घरात?" प्रेमलाने विचारलं. "सुटला तर कळंल का तुला?"

"म्हणून तर चारदा बघते."

"श्यामसुंदररावांना सांगितलं?"

"त्यांना सांगितलं तर ते वल्लरीला सांगतील. मग यंदा पुरण बाहेरून येईल. मला म्हणतील, आई, तुम्ही आता बसून नुसती आरती करा." त्या बसल्या. हाताला चाळा म्हणून त्यांनी पेला फिरवला. "सासूबाईंनी दिलं ते काम आहे. हातातून काढून घेतलं तर मी त्या दिवशी पहाटे उठून काय करू? नुसती बघत बसू? चाखता येत नाही. हुंगून कळत नाही. आणि कुणी सांगत नाही."

"मी आले असते गं," प्रेमला म्हणाली. "पण माझ्या घरच्या गौरींचा नैवेद्यपण त्याच वक्ताला. दोन्ही सुना माझ्या तोंडाकडं बघत उभ्या असतात."

समर्थने चौथी बिअर ओतली आणि मुकाट्याने टेबलाच्या टोकाला सरकला. सर्वांत कडक ती होती, गुळाची, महिनोन्महिने मुरवलेली. जयाने कुणाची वाट न बघता घोट घेतला, डोळे विस्फारले, आणि आणखी एक घेतला.

"एक सांग," ती म्हणाली. "नैवेद्य दाखवायच्या आधी ते पुरण काय असतं?"

"काय असतं म्हणजे?"

"प्रसाद असतो का?"

"नाही. दाखवल्यावर."

"म्हणजे पातेल्यात आहे तोवर ते नुसतं पुरण. त्याला नावं ठेवता येतात." तिने पेला फळीवर ठेवला, तो खळग्यात नीट बसेना, तिने पुन्हा ठेवला. "माझ्या घरी गौरी नाहीत. मी येते पहाटे. तुझ्या ओट्याशी उभी राहते. हात लावणार नाही, चाखणार नाही. नुसती नावं ठेवीन. ते तर मला येतंच."

"बिनपगारी," प्रेमला म्हणाली.

सुहासिनीबाईंनी आपला ओटा डोळ्यांसमोर आणला. सासूबाईंच्या जागी जया उभी असलेली त्यांना दिसेना. नुसतं उभं राहून सूचना देणारं माणूस स्वयंपाकघरात त्यांना कधी खपलं नव्हतं. वल्लरीलाही त्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेरच उभी करून भांडी मागायच्या. "आणि वल्लरीला काय सांगू? जयामावशी कशाला आलीय म्हणून?"

"खरं सांग. ती करपलेलं खाऊन गप्प बसली आहे. तेवढं तू तिचं देणं लागतेस."

"ती बाहेरून आणायचं म्हणेल."

"म्हणू दे. पुरण तूच कर, मी शेजारी आहेच, आणि तिला म्हणावं, पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला तू उभी राहा. दोन नाकं झाली."

"तुझं नाक दगा देणार नाही कशावरून? गेल्या हिवाळ्यात महिनाभर शिंकत होतीस."

"मग आत्ताच परीक्षा घे," जया म्हणाली आणि तिने आपला पेला पुढे केला. "हे काय आहे, ते मी सांगते. तुला पटतं का बघ."

सुहासिनीबाईंनी घोट घेतला. गोड, मागून कडू, मग घशात ऊब. "गूळ आहे, एवढं जिभेला कळतं. पुढचं तू सांग. पण मला बरं वाटावं म्हणून एक शब्द सांगितलास ना, जया, तर त्या दिवशी दारातून परत पाठवीन."

जयाने डोळे मिटून वास घेतला. "गूळ. जुना, ढेपेच्या खालचा. ओलं लाकूड. आणि…" ती थांबली.

"आणि काय?"

"आणि थोडं पिकून खाली पडलेलं केळं. समर्थ, रागावू नकोस."

"नाही आज्जी, बरोबर आहे ते," समर्थ म्हणाला. "टाकी जरा गरम झाली होती मध्ये."

सुहासिनीबाईंनी पेला खाली ठेवला आणि पिशवीतून फोन काढला. मग परत आत ठेवला. मग पुन्हा काढला.

"उद्या सकाळी ये," त्या जयाला म्हणाल्या. "पावशेर डाळीचं करून बघू. मी वल्लरीला आत्ताच सांगते."

"उद्या? उद्या मी डोकं धरून बसणार आहे, या पोराच्या कृपेने."

"मग परवा. सकाळी लवकर." वल्लरीचं नाव सापडेपर्यंत त्यांनी दोनदा भलत्याच नावांना फोन लावून तोडला. तिसऱ्यांदा घंटी जायला लागली, तशा त्या फोन कानाला धरून उभ्या राहिल्या आणि टेबलांमधून चालायला लागल्या.