मेलेआनेचं पाण्याखालचं सामान

नेयाफू बंदराच्या धक्क्यावर, पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानासमोर गाडी थांबली, पण सेमिसी काही खाली उतरला नाही.

"तुझी खरेदी तूच कर," तो बायकोला म्हणाला. "मला त्या दुकानात पाय ठेवायचा नाही."

मेलेआने एकटीच उतरली. नऊ वर्षांपूर्वी समुद्रकाकड्या, म्हणजे तळावरचे काकडीसारखे मऊ जीव, काढायला सेमिसी खोल गेला होता. तिथून घाईनं वर आला, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि डावा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून घरात समुद्राचा विषय निघत नसे. आणि आता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मेलेआने स्वतःच पाण्याखाली जायला शिकली होती. गावातल्या बायकांनी खडकाजवळ मोठ्या शिंपल्यांची पिल्लं सोडली होती. ती बारा मीटर खाली होती आणि त्यांची देखभाल करायला कुणीतरी हवं होतं. बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मेलेआनेनं हात वर केला.

"या मावशी, या!" दुकानदारीण लुपे म्हणाली. "शिकताना भाड्याचं चालतं, पण रोज उतरायचं तर सामान आपलंच हवं. डोळे-नाक झाकणारा हा मास्क बघा, नवीन आलाय."

गुलाबी काठाचा मास्क मेलेआनेला फारच आवडला. त्याच रंगाचे, पोहताना पायांत घालायचे हातभर लांब फिन्सही होते. तिनं आरशासमोर ते सगळं चढवलं आणि स्वतःलाच हसू आलं.

"तो काढ!"

आवाज दारातून आला. सेमिसी चौकटीला हात टेकून उभा होता. गाडीत बसून खिडकीतून सगळं बघत होता, शेवटी राहवलं नाही.

"दुकानात पाय ठेवणार नव्हतास ना?" मेलेआने म्हणाली.

"अजून उंबऱ्यावरच आहे." पण तो आत आलाच. "पट्टा मागे टाक. मास्क नुसता तोंडाला लाव आणि नाकानं श्वास ओढ. आता हात सोड."

तिनं हात सोडला. गुलाबी मास्क पटकन खाली पडला.

"बघ. गालाशी फट आहे. खाली गेलीस की डोळ्यांत पाणी."

मग एकेक करत सात मास्क झाले. आठवा, काळा आणि दिसायला अगदी साधा, चेहऱ्याला असा चिकटला की हात सोडला तरी हलला नाही. लांब फिन्स त्यानं परत ठेवायला लावले. "एवढ्या लांबीला मांड्यांत जोर लागतो. तुझ्या पायांत गोळे येतील," म्हणाला आणि आखूड जोडी पुढे सरकवली. हवेच्या नळीच्या तोंडातून स्वतः दोनदा श्वास घेऊन पाहिला, लुपेला विचारलं, "शेवटची तपासणी कधी?" तिनं कागद आणून दाखवला, तेव्हाच मान डोलावली.

शेवटी किती खोल, किती वेळ ते दाखवणारा, मनगटावर बांधायचा छोटा कॉम्प्युटर उरला. लुपे म्हणाली, "मावशी, हे नंतर घेतलं तरी चालेल. जोडीला जो असेल त्याच्याकडे असतंच."

सेमिसीनं तो उचलला. त्याचा पट्टा बोटांनी चाचपला.

"त्या दिवशी आम्हा चौघांतही एकच होता," तो हळूच म्हणाला. "ज्याच्या हातात होता, तो दुसरीकडे गेला. किती खोल आलोय, किती वेळ झालाय, मला काहीच कळत नव्हतं. हवा संपत आली तसा घाबरलो आणि सुटलो वर."

नऊ वर्षांत मेलेआनेनं हे पहिल्यांदाच ऐकलं. तिला वाटे, त्यानं बेफिकिरी केली असेल. तसं ती रागाच्या भरात एकदा बोललीही होती. तिनं त्याच्या दंडाला नुसता हात लावला.

"तरंगायचं हवेचं जाकीट भाड्यानं घे हवं तर," सेमिसी म्हणाला. "हा मात्र तुझा स्वतःचा पाहिजे."

सोमवारी मेलेआने दुसऱ्या एका बाईबरोबर खडकाशी उतरली. सेमिसी नावेत बसला होता, कुणी न बोलावता. ती सावकाश वर आली, रक्तात बुडबुडे होऊ नयेत म्हणून मनगटाकडे बघत पृष्ठभागाखाली पाच मीटरवर तीन मिनिटं थांबली, मग डोकं बाहेर काढलं.

"दोन पिल्लं मेलीत," ती धापा टाकत म्हणाली. "बाकी सगळी जिवंत! निळी, हिरवी, तोंडं उघडून बसलीत!"

सेमिसीनं हात देऊन तिला वर ओढलं. मग पाण्याकडे बोट दाखवलं.

"खडकाच्या उत्तरेला एक मोठी कपार आहे," तो म्हणाला. "तिथं लाटांचा मार कमी. पुढची पिल्लं तिकडे लावा. कुठून वळायचं ते मी सांगतो."

आणि तो सांगू लागला.