देवाचं तेल आणि माझे अडकलेले पाय

मित्रांनो, बसून घ्या. मला बसता येत नाही, निदान तुम्ही तरी बसा.

मी एक जुना स्टँड आहे, कॅमेरा ठेवायचा, तीन पायांचा. शहरात मला ट्रायपॉड म्हणतात, पण आमच्या कळंबला स्टँडच. कॅमेरा माझ्या डोक्यावर बसतो आणि जग बघतो. मी नुसता उभा राहतो. आयुष्यभर तेवढंच केलं. आता थकलोय, म्हणून दोन शब्द सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. नळ्या कापल्याचा आवाज आणि ताज्या काळ्या रंगाचा वास, एवढंच ध्यानात आहे. पुण्यातल्या एका दुकानात काचेमागे उभा होतो, तिथून रवींद्रभाऊंनी मला उचललं. त्यांनी कळंबला हमरस्त्यालगत फोटो स्टुडिओ काढला होता. त्यांची बायको द्रौपदाताई मोठी श्रद्धाळू. देवापुढे दिवा लावून तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मी घरात आलो तेव्हा तिनं माझ्या तिन्ही पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ये बाबा. आता तूच आमचा बैल."

खरंच बैलासारखा राबलो. राजुरीची लग्नं केली, पारगावच्या मळ्यातली बारशी केली, शाळांची गॅदरिंग केली. मांडवात सगळे जेवायला बसत, भटजीसुद्धा बसत. मी तेवढा उभा. लहान मुलं माझ्या पायांतून लपाछपी खेळत. रवींद्रभाऊ ओरडत, "ए पोरांनो, स्टँड हलला तर नवरी हलंल!" पण मी हललो नाही. एकदा राजुरीची माणसं मुद्दाम स्टुडिओत आली. त्यांची म्हातारी वारली होती, आणि नातवाच्या लग्नातला तिचा चेहरा त्यांना पुन्हा बघायचा होता. बघून झाल्यावर मोठा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, लई स्थिर घेतलंय. आई समोर बसल्यावानी वाटती." माझ्या वाट्याला आलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण मला कळलं.

मग काळ बदलला. हातात धरून पळत पळत शूटिंग करायचं यंत्र आलं. आकाशातून बघणारा ड्रोन आला. रवींद्रभाऊंनीही ते घेतलं. मी स्टुडिओतून घरी आलो, घरातून पडवीत आलो. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल वाळायला लागला. वर्षातून एकदा, बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, तेवढं मला न्यायचे. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीही चैत्रात नेलं. गाडा पहिला आला की मालक भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती पिवळी धूळ माझ्या अंगावर बसली, आणि पायांच्या नळ्या जिथे एकमेकींत सरकतात, त्या खटक्यांत जाऊन राहिली. घरी आल्यावर मला कुणी पुसलं नाही. सगळे दमले होते. मीही.

आता तेजूबद्दल सांगतो. तेजस्विनी ही रवींद्रभाऊंची लेक. बारावी झाली आणि तिनं सांगितलं, मला पुण्याच्या एका विद्यापीठात माध्यमकला शिकायचीय. फिल्म, आवाज, संकलन असं सगळं.

रवींद्रभाऊ पडवीत बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते. ते मान वर न करता म्हणाले, "शूटिंग करायला डिग्री लागती व्हय? मी काय शिकून आलो व्हतो?"

"पप्पा, मला लग्नं नाय शूट करायची."

ते वाक्य रवींद्रभाऊंना लागलं. मलाही लागलं, कारण मी तर लग्नांचाच स्टँड.

शेवटची बॅटरी लावून ते बोलले, "बरं. यंदा एकदा बघ. नंबर लागला तर जा. न्हाई लागला तर गप मंचरला बी.कॉम. पुन्हा हा इषय न्हाई."

द्रौपदाताईनं त्या दिवसापासून गोड सोडलं. तेजूचा प्रवेश होईपर्यंत चहासुद्धा बिनसाखरेचा. भोवती सगळा ऊस, आणि ही बाई कडू चहा पीत बसायची.

प्रवेशासाठी एक छोटी फिल्म करून पाठवायची होती. स्वतःच्या गावातलं काहीही चालणार होतं. तेजूनं खूप मोठे बेत केले. किल्ला, धरण, ड्रोनमधून दिसणारी हिरवी शेतं. पण लग्नसराई होती. ड्रोन रवींद्रभाऊंकडे, हातातलं यंत्रही त्यांच्याकडे. उरलो मी आणि एक जुना कॅमेरा.

मी बाहेर निघणार हे द्रौपदाताईला कळलं. तिनं मला उचललं तर माझे खटके करकरले. "कुरकुरतोय गं बिचारा," ती म्हणाली. मग तिनं आपल्या परीनं सगळ्यात चांगलं औषध आणलं. समईत उरलेलं तेल. देवापुढचं तेल ती कधी टाकून देत नसे. कुणाच्या गुडघ्याला लाव, कुणाच्या कपाळाला लाव. तेच तेल तिनं माझ्या प्रत्येक खटक्यात घातलं, बोटानं चोळलं आणि वर हात जोडले.

माया खोटी नव्हती, मित्रांनो. पण आत भंडारा होता. हळद आणि तेल एक झालं, वरून वैशाखातलं ऊन. दोन दिवसांत माझ्या सांध्यांत असा काही चिकट लगदा बसला, की विचारू नका. मी ओरडून सांगितलं असतं, "ताई, आधी धूळ काढ, मग तेल घाल." पण आम्हाला तोंड कुठे असतं?

तेजू मला घेऊन भावकीच्या रानात गेली. तिथे कांद्याची काटणी चालली होती. उपटलेल्या कांद्याची पात विळ्यानं कापायची, कांदा एका बाजूला टाकायचा. बायका डोक्यावर पदर घेऊन ओळीनं बसल्या होत्या. तेजूनं मला उभं केलं आणि पाय लांब करायला गेली. एकही पाय सुटेना. तिनं ओढलं, दगडानं ठोकलं. मी बसलेल्या बाईच्या खांद्याएवढाच राहिलो. तेजूच्या डोळ्यांत पाणी आलं. फिल्म पाठवायला एवढाच दिवस उरला होता.

बांधाला टोमॅटोचं रिकामं क्रेट होतं. तिनं ते पालथं घातलं, मला वर चढवलं आणि कॅमेरा सुरू केला. स्वतः मागे उभी राहून विचारायला लागली, "मावशी, किती वर्षं हे काम करता?"

पुढेच लंकाबाई नावाची म्हातारी बसली होती. तिनं वर बघितलंही नाही. विळा चालूच.

"मावशी, बोला ना."

"कुणाशी बोलू? तू तिकडं आभाळात," लंकाबाई म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या.

तेजूनं कॅमेऱ्यात पाहिलं. नुसते पदर दिसत होते. लाल, हिरवे, विटलेले पदर. तोंड एकीचंही नाही. मग तिनं मला खाली उतरवलं, क्रेट लांब सारलं आणि माझ्याशेजारी ढेकळात मांडी घालून बसली. बसल्यावर हातात विळाही घेतला.

लंकाबाईनं मान वर केली. "आता आलीस व्हय खाली? मघाधरनं टकुऱ्यासंगं बोलत व्हतीस."

"चुकलं मावशी."

"आगं, पात कापती का बोट? दे हिकडं. रवीची पोर ना तू? तुझ्या आयशीच्या लग्नाला मी गेले व्हते. तवा तुझा बाप लई लाजत व्हता."

आणि मग ती बोलायला लागली. माहेरचं बोलली, कंबरेचं बोलली, मुंबईला गेलेल्या लेकाचं बोलली. बोलता बोलता तिचा विळा थांबला. मी हललो नाही. इतकी वर्षं उभा राहिलो, पण कुणाच्या असा तोंडासमोर कधीच आलो नव्हतो.

फिल्म पसंत पडली आणि मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी रवींद्रभाऊंनी मला खांद्यावर घेतलं.

"पप्पा, हे कशाला?"

"परीक्षेला जायचं आन अवजार घरी? तिथं म्हणले शूट करून दाखवा, मग काय करशील?"

"तिथं सगळं असतं."

"असू दे की. आपलं आपल्यापाशी असावं."

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "पावणं, ह्याचं बी तिकीट काढायचं का?"

"ह्यो उभाच राहणार हाय," रवींद्रभाऊ म्हणाले. "त्याला कशाला शीट?"

तेजू खिडकीकडे तोंड करून बसली. तिला माझी लाज वाटत होती. मी रागावलो नाही. म्हाताऱ्यांची लाज वाटायचं तिचं वयच होतं.

विद्यापीठाच्या व्हरांड्यात मुलं-मुली हातात लॅपटॉप घेऊन बसली होती. शेजारच्या मुलीनं तेजूची फिल्म मोबाइलवर पाहिली. "भारी आहे गं. इतक्या खालून का घेतलीस?" तेजूनं खरं ते सांगितलं. ती मुलगी दचकली. "आत हे सांगू नकोस हं. म्हणावं, मुद्दाम ठरवून घेतलं."

तेजूला बोलावलं, तेव्हा रवींद्रभाऊंनी मला तिच्या हातात कोंबलंच. आत एक पिकल्या केसांच्या मॅडम आणि एक सर होते. मी भिंतीला टेकलो.

मॅडमनी तोच प्रश्न विचारला. "कॅमेरा इतका खाली का?"

तेजूनं दाराकडे पाहिलं. बाहेर दाराच्या फटीतून बापाचा बूट दिसत होता. मंचरचं बी.कॉम. तिच्या डोळ्यांपुढे उभं असणार. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"स्टँड अडकला होता, मॅडम. आत भंडारा गेलेला, आणि आईनं वरून समईचं तेल घातलं. पाय उघडेनात."

सर हसले. "म्हणजे अपघातच की."

"अडकला तो अपघात, सर. पण तिथं क्रेट व्हतं... होतं. मी त्याच्यावर ठेवून घेतलं. बायकांचे पदरच दिसले. मग मी क्रेट काढलं. ते अपघातानं नाही काढलं."

मॅडमनी फिल्म पुन्हा लावली. पहिल्याच चित्रात ते पदर होते, तेजूनं ते काढून टाकले नव्हते. मग लंकाबाईचा आवाज आला, "आता आलीस व्हय खाली?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. नंतर उठून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या खटक्यावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. रवींद्रभाऊ एकदा मंचरच्या कॉलेजात चौकशी करून आले. द्रौपदाताईचा दिवा चुकला नाही, आणि चहाही कडूच राहिला. दुसऱ्या यादीत नाव आलं. तेजूनं मोबाइल आईपुढे धरला. द्रौपदाताईनं आधी देवापुढे साखर ठेवली, मग चहात घातली, आणि तो कप दोन्ही हातांनी धरून बराच वेळ नुसती बसून राहिली.

रवींद्रभाऊ म्हणाले, "लग्नाच्या स्टँडवरच लागला ना नंबर?" तेजू हसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मला वाटलं होतं, ती मला सोबत नेईल. तिनं नेलं नाही. तिथे हलके, नवे, हव्या तेवढ्या उंचीचे स्टँड आहेत. मी पडवीत राहिलो. द्रौपदाताई मला रोज कोरड्या फडक्यानं पुसते. तेलाचं नाव काढत नाही.

दिवाळीला तेजू आली. तिनं येताना कसलंसं औषध आणलं होतं. मला अंगणात आडवं घेऊन तिनं एकेक खटका खोलला, आतला पिवळा लगदा काढला. एकेक नळी सरकली. कितीतरी दिवसांनी मी पुरा उभा राहिलो. कुंपणापलीकडचा रस्ता दिसला. सांधे मोकळे झाले, तेव्हा कळलं मी किती थकलो होतो.

द्रौपदाताई तुळशीपाशी एक पाय लांब पसरून फुलं निवडत बसली होती. तेजूनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या हातानं माझे तिन्ही पाय पुन्हा आखूड केले, मला आईसमोर ठेवलं, डोक्यावर कॅमेरा बसवला आणि शेजारी मांडी घालून बसली.

"आई, तुझे गुडघे कधीपासून दुखतात गं?"

द्रौपदाताई गडबडली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुणी विचारलंच नव्हतं ना."

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. घरातल्या जुन्या वस्तूंवर माया करा, जुन्या माणसांवरही करा. पण तेल घालायच्या आधी जरा खाली बसा, आणि विचारा, बाबा, तुझं दुखतंय कुठे? आम्हाला सांगता येत नाही. ज्यांना येतं, तीही विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

चला, आता मी गप्प राहतो. ताई बोलतेय, आणि मला हलायचं नाही.