मनगटावरची लाल फीत

त्याने शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली आणि पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून टाकलं. आधीच्या नोकरीतून का काढलं, हे साहेब विचारणारच होते. आधीच्या चारही मुलाखतींत विचारलं होतं. बायकोने घरी समोर बसवून तालीम घेतली होती, खाकरायचं नाही, नजर चुकवायची नाही, आणि आता ते उत्तर तेल घातलेल्या बिजागरीसारखं फिरायचं.

काम लिफ्टदुरुस्तीचं. तपासणीपुरती दाराच्या कुलपाला वायरीने बगल द्यायची, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट हलते. ज्याने वायर लावली त्याने मनगटावर लाल फीत बांधायची आणि वायर काढल्याशिवाय ती सोडायची नाही, मग आभाळ कोसळो. त्या दिवशी फीत याच्या हातावर होती. जेवायच्या आधी हात धुताना भिजली म्हणून सोडून खिशात टाकली, मग गप्पा रंगल्या, आणि वायर राहिली ती राहिलीच. संध्याकाळी दार उघडं टाकून लिफ्ट वर निघून गेली. एक आजोबा पाय टाकणार तेवढ्यात हातातली काठी खाली खड्ड्यात गेली आणि ते उंबऱ्यावरच मटकन बसले. नशीब थोर म्हणून काठीवर निभावलं. कंपनीने जोडीलाच नारळ दिला, याला आणि याच्या दाजींना.

मुलाखतीत मात्र हा सांगायचा, फीत जोडीदाराच्या हातावर होती. नाव थोडंच घेतोय आपण, असं मनाला समजवायचा.

साहेब मान डोलवत म्हणाले, "जुळतंय."

"काय जुळतंय, साहेब?"

"तुमचे दाजी काल येऊन गेले. तेही हेच म्हणाले, फीत माझ्याच हातावर होती. मेहुणा येईल, त्याला बोल लावू नका म्हणाले."

याचे कान तापले. गेल्या आठवड्यात ताईने सहज विचारलं होतं, मुलाखतीत काय सांगतोस रे तू? हा आपला चपलांकडे बघत बसला होता. तेव्हा दाजीच हसत म्हणाले होते, अगं, तुझा भाऊ म्हणजे लिफ्ट आहे, बटण दाबल्याशिवाय हलायचा नाही, आधी त्याला जेवायला वाढ. आणि हा पोटभर जेवून आला होता.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले.

"आणि दाजी?"

"माणूस सरळ आहे हो. पण फीत विसरणाऱ्याला लिफ्टपाशी कसा उभा करू?"

हा आभार मानून बाहेर आला. खिशात फोन वाजायला लागला, बायकोच असणार, दुसरं कोण. लिफ्ट आली, हा आत शिरला, दार मिटायला लागलं. याने मधे हात घातला. दार मागे सरलं. समोर साहेबांच्या खोलीचं दार अजून किलकिलंच होतं.

लिफ्टचं दार पुन्हा मिटायला लागलं. याने पुन्हा हात घातला, मनगटापर्यंत.