म्हाळसाला हाक

पोपटरावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर्व्हरला हात लावायची परवानगी असलेली मी एकटीच. तीही अकरावीतली. अख्ख्या शिरूरला हे माझं सांगून झालंय, तुम्हीच राहिला होतात.

हा सर्व्हर बन्सीसरांनी बसवला आणि त्याला आपल्या आईचं नाव दिलं, म्हाळसा. नंतर हायवेवर ट्रकनं त्यांना उडवलं. सर गेले, सर्व्हर राहिला. भारनियमनात लाइट जाऊन आली की तो सुरू होताना दर वेळी 'सेंडमेल'च्या ओळीवर अडायचा. पोरं म्हणायची, सर आले. मी हसायचे. सेंडमेल म्हणजे मेल पोचवणारा प्रोग्राम. तो आधी 'म्हाळसा कुठं आहे?' असं नेटवर्कवर विचारतो, आणि उत्तर येत नाही म्हणून वाट बघत बसतो, मग कंटाळून पुढं सरकतो.

हीच हुशारी मी सरांच्या आईला, म्हाळसाआजींना ऐकवली. त्या एसटी स्टँडसमोर फुलं विकतात.

"माझं नाव घेतो?" त्यांनी विचारलं.

"घेतो की."

"आन् कुणीच ओ देत न्हाई?"

तेव्हापासून लाइट आली की आजी फुलांची पाटी दाराशी ठेवून आत यायच्या. ओळ अडली की पडद्याकडं वाकून म्हणायच्या, "हाय रं बाळा, हितंच हाय." मग जरा वेळानं मशिन पुढं सरकायचं.

पोपटराव वैतागले. "हर्षदा, हे रखडणं बंद कर बाई. रांजणगावच्या कंपन्यांना बायोडेटा धाडायला पोरं खोळंबल्यात."

मी सेंडमेल काढून पोस्टफिक्स नावाचा दुसरा प्रोग्राम टाकला. काम तेच, पण कुठं अडणं नाही. ओळी सरसर वर गेल्या. शाबासकीसाठी मागं वळले, तर आजी अजून वाकलेल्याच.

"आज हाक मारली न्हाई?"

"आता गरज नाही, आजी."

"त्याला का मला?"

दुसऱ्या दिवशी मी सेंडमेल परत टाकलं. मेल पोस्टफिक्सकडं, सेंडमेलकडं फक्त हाक मारायचं काम. पोरांचं काही अडायचं नाही, कोपऱ्यातल्या सर्व्हरवरची ती ओळ तेवढी थांबायची. पोपटरावांना पत्ता नाही.

मग एका दुपारी लाइट आली आणि आजी आल्या नाहीत. तापानं पडल्या होत्या म्हणे. पोरं जेवायला गेलेली. ओळ अडली. नेहमीपेक्षा जास्तच अडली. मला कारण माहीत होतं, अगदी मुळापासून माहीत होतं, तरी मी पडद्याकडं वाकले. शेवटी मी हळूच म्हटलं, "हाय रं, हितंच हाय."

ओळ सरकली.

मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. मी, बरं का.

आजी बऱ्या होऊन आल्या. पाटीतली शेवंती उचलून माझ्या वेणीत खोवली.

"त्या दिशी तू ओ दिलीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "तो म्हणला मला, आई, आज तुझा आवाज येगळाच येतोय."