पिंपळवंडीच्या संगणकाचं मत

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पिंपळवंडीच्या एका टायपिंग केंद्राच्या माळ्यावर, खताच्या रिकाम्या गोणीखाली पडून असतो. माझा रंग एके काळी पांढरा होता, हे तुम्हाला आता पटणार नाही. पण थकलेल्या अंगाचं रडगाणं मला गायचं नाही. मी एकदा एक मत दिलं होतं, त्याबद्दल सांगायचं आहे.

२००२ साली पुण्यातल्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. जालिंदरने मला गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन गावी आणलं. त्याचे वडील जानकूबाबा जन्मभर मेंढरांमागे चालले. लिहिण्यावाचण्याचा धंदा करणारा जालिंदर घरातला पहिला. अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामसभेचे ठराव, सगळं माझ्याकडून मराठीत उमटायचं. त्यासाठी माझ्यात एक मराठी टायपिंगचा प्रोग्राम घातला होता. त्याची सीडी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हिंडत आमच्याकडे आली होती. निमगाव सावापासून घोडेगावपर्यंत बऱ्याच जणांकडे तीच. मूळ कुणाची, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे इंटरनेट आलं आणि माझे हाल सुरू झाले. न बोलावलेले प्रोग्राम माझ्यात घुसायचे आणि नको त्या जाहिराती समोर नाचवायचे. जालिंदरने वैतागून एक पहारेकरी प्रोग्राम बसवला. चोरून पाहणाऱ्यांना हुडकणं हे त्याचं काम. बसता बसताच त्याने विचारलं, आमच्या वापरणाऱ्यांच्या मंडळात येता का? तुम्ही कोणते प्रोग्राम ठेवले, कोणते काढले ते आम्हाला कळवत जा, इतरांनी काय केलं ते आम्ही तुम्हाला दाखवू.

निमगाव सावाला केंद्र चालवणारा संपत फोनवर म्हणाला, घरातलं बाहेर सांगायची हौस कशाला? जालिंदरने त्याला समजावलं की आपण चौघांना सांगितलं तर चौघांचं आपल्यालाही कळतं, यात आपलं जातं काय? शेवटी संपतही मंडळात आला. जगभरच्या लोकांत आता पिंपळवंडीचं मत मोजलं जाणार, हे जालिंदर दिसेल त्या गिऱ्हाइकाला सांगत बसायचा. खोटं कशाला बोलू, मलाही जरा चढलंच होतं.

पहिल्याच तपासणीत पहारेकऱ्याने नेमकं मराठीच्या प्रोग्रामवर बोट ठेवलं. हा दाबलेली प्रत्येक कळ वाचतो, म्हणाला. आता कळ वाचल्याशिवाय मराठी अक्षर उमटणार कसं? जालिंदर हसला. या प्रतीबद्दल मंडळात अजून कुणाचंच मत नव्हतं. त्याने 'राहू द्या'वर टिचकी मारली आणि आमचं मत फोनच्या तारेवरून निघून गेलं. महिन्याभरात तिथला आकडा वाढू लागला. 'राहू द्या' म्हणणारे आधी तीन झाले, मग सात, मग अकरा.

मला मात्र आतलं दिसत होतं. रोज दुपारी तो प्रोग्राम दाबलेल्या कळांची पुरचुंडी बांधायचा आणि गुपचूप बाहेर धाडायचा. मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं. पहारेकऱ्याने पुन्हा एकदा विचारलं, हा बाहेर काहीतरी पाठवतोय, मत बदलायचं का? जालिंदर थबकला. मग त्याची नजर अकराच्या आकड्यावर गेली. एवढी माणसं काय येडी हायेत व्हय, असं पुटपुटत त्याने परत 'राहू द्या' केलं.

जालिंदरची पुतणी ऋतिका त्या वर्षी बारावी झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. अर्ज तिने माझ्यावरूनच पाठवला आणि मुलाखतीची तारीख ईमेलवर येणार होती. ती शेतातलं आवरून रोज यायची, पासवर्ड टाकायची, पत्र आलंय का बघायची. एका सोमवारी तिची ईमेलची पेटी उघडेना. तिने सात-आठ वेळा पासवर्ड टाकला. नऊ दिवस वाट पाहून ती काकांबरोबर पुण्याला कॉलेजात गेली. मुलाखती आदल्याच आठवड्यात संपल्या होत्या. तुम्हाला कळवलं होतं, असं तिथले लोक म्हणाले.

मग नारायणगावच्या दुरुस्तीवाल्याने मला उघडलं. मूळ मराठी प्रोग्राम असलं काही करत नाही, तुमच्या सीडीतल्या प्रतीत कुणीतरी चोर घुसवलाय, पोरीचा पासवर्ड त्यानेच पळवला आणि पुढे कुणीतरी तो बदलून टाकला, असं त्याने सांगितलं. जालिंदरने तिथूनच संपतला फोन लावला आणि विचारलं, तू हा प्रोग्राम कशावरून ठेवलास?

"भाऊ, तुमी ठेवला म्हणून," संपत म्हणाला. "बाकीच्यांनी मला इचारलं, तवा म्या त्यांना तुमचंच नाव सांगितलं."

अकरांतलं एक मत आमचंच होतं. उरलेली दहा आमच्या मागून आली होती. जालिंदर आपलंच बोलणं परत ऐकून निर्धास्त झाला होता. त्याची मला कीव आली, आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकूबाबा केंद्राच्या पायरीवर येऊन बसले. त्यांना सगळं कळलं होतं.

"वाटंला दुसरा कळप भेटला, की मागं पाणी कसं व्हतं ते आमी सांगायचो," ते म्हणाले. "पर आपल्या मेंढरांनी पिलेल्या पाण्याचंच. न्हाई पिलं, तर ठाव न्हाई म्हणायचं. तुझ्या त्या डब्यात 'ठाव न्हाई' म्हणायला जागा नव्हती व्हय?"

जागा होती, मित्रांनो. 'राहू द्या' आणि 'काढा' यांच्याखाली 'माहीत नाही' असं तिसरं बटण होतं. जालिंदरने मला चालू केलं. मग मंडळातून नावच काढून टाकतो म्हणून त्याने माऊस हातात घेतला, तेव्हा ऋतिकाने त्याचा हात धरला.

"नाव मागनं काढा, काका. आदी सांगितलंय ते निस्तरा. कुणाची तरी तारीख अजून यायची आसंल."

तिने स्वतः बसून इंग्रजीत सगळी हकिकत मंडळाला लिहिली. जालिंदरने आमचं मत बदललं आणि एकेका केंद्राला फोन केले. आकडा नऊवर आला, मग पाचावर, मग दोनावर. ऋतिकाचं ते वर्ष गेलंच. पुढच्या वर्षी गुणांची अट वाढली आणि ती त्यात बसली नाही. आता ती खाली याच केंद्रात दुसऱ्यांचे अर्ज टाइप करते. तिच्या बोटांचा आवाज मला इथे ऐकू येतो.

मित्रांनो, तुम्हाला कुणी मत विचारलं तर जरूर द्या. सगळेच गप्प बसले तर मागून येणाऱ्याला कळणार कसं? पण स्वतः तपासलं असेल तेवढंच सांगा, आणि दुसऱ्यांचा आकडा पाहून डोळे मिटू नका. मला माळ्यावर टाकण्याआधी जालिंदरने ते पान शेवटचं उघडलं, तेव्हा 'राहू द्या' म्हणणारं एक मत तिथे शिल्लक होतं. त्याने सगळ्यांना पुन्हा फोन केले होते, सगळे म्हणाले होते की आम्ही काढलं. ते मत कुणाचं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आमचं नाव ऐकून कुठल्या तरी गावात कुणीतरी तो प्रोग्राम ठेवला होता, आणि तिथल्या कळांवर कुणाची तरी मुलगी आपला पासवर्ड टाकत होती.