न दुखणारा पाय

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. सागवानी नाही की शिसवी नाही, खुर्च्या बनवून उरलेल्या साध्या लाकडाची. सुताराने आम्हां दोघी बहिणींना एकाच दिवशी घडवलं, काखेखाली गादी बसवली, पायात रबरी टोपण घातलं आणि दवाखान्यात पोचवलं. बहीण पुढे कुठेतरी हरवली. तेव्हा वाईट वाटलं असावं, आता आठवत नाही.

आमच्या जातीचा न्याय उलटा असतो. छत्री किंवा खुर्ची अडगळीत पडली की तिला रडू येतं. मला टाकलं की समजायचं, माणूस बरा झाला. माझा पहिला धनी घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं हाड सांधलं, त्या दिवशी तो मला दवाखान्याच्या दारातच विसरला आणि शीळ घालत जिना उतरून गेला. एवढं मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

मग मी बरीच वर्षं कपाटामागे उभी होते. तिथून मला सरांकडे दिलं.

सर शाळेत कवायत शिकवायचे. पोट आत, छाती पुढे, मान ताठ! सगळा जन्म हेच सांगण्यात गेलेला. एका सकाळी शाळेच्या फाटकापाशी मालाने भरलेला ट्रक फुटपाथवर चढला. ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आला होता, त्याला डुलकी लागली. सरांचा डावा पाय चाकाखाली गेला. हाडं जुळली, पण गुडघ्याखालचा पाय बधिर झाला तो झालाच. त्याला चटका कळत नव्हता, गारवा कळत नव्हता. दुखणं तर नव्हतंच.

सरांची मुलगी दुसऱ्या गावची नोकरी सोडून त्यांच्याजवळ येऊन राहिली. कोर्टात दावा दाखल झाला. चूक आपली होती हे ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी कबूल केलं. वाद उरला तो पायाचा. पाय बरा झालाय, असं ट्रकच्या विमा कंपनीचं म्हणणं.

"भरपाई मिळाली तर उपचार चालू राहतील, तुमची मुलगीही कामावर परत जाईल," सरांच्या वकीलबाई म्हणाल्या. "सगळं डॉक्टरांच्या तपासणीवर आहे. आहे तसं दाखवा, सर. जास्त नको, कमी नको."

सरांनी मान हलवली. पण तपासणीच्या खोलीत पाहतात तो काय, डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी! "या सर," म्हणत तो खुर्चीवरून उठून ताठ उभा राहिला. तो ताठ, म्हणून सर त्याहून ताठ. त्यांनी मला भिंतीला टेकवलं.

"चालता येतं, सर?"

"न यायला काय झालं!"

आणि दात आवळून, बुटांचा आवाज करत सर खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. जित्याची खोड ती, पायाबरोबर थोडीच जाते?

"दुखतं का?"

"छे! अजिबात नाही."

ते खोटंही नव्हतं. आपल्या सरांना बूट काढायला सांगायचा डॉक्टरला संकोच वाटला. "तुम्हाला काय होणार, सर!" असं म्हणून त्याने पाय ठीक असल्याचं लिहून दिलं.

बाहेर मुलीने विचारलं, "बाबा, काय केलंत हे?"

"अगं, त्याने विचारलं तेच सांगितलं."

"आणि त्याने विचारलं नाही ते?"

सर मला काखेत घेऊन चालू लागले. मुलगी रडलीसुद्धा नाही. त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला फारसं काही विचारेनासं झालं. ताटं वाढली जायची, दिवे लागायचे आणि विझायचे. पायाचा बधिरपणा साऱ्या घरभर पसरला होता. माझ्या टोकाचं रबर झिजून आतला खिळा बाहेर आला होता, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही गप्प राहिले. लाकडाला कोण विचारतो?

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर तो ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता. साक्षीला आला होता. सर आपण होऊन त्याच्यापाशी गेले.

"मुलं किती रे तुला?"

"दोन, सर."

"खेळतात का? की नुसता अभ्यास?"

बोलता बोलता सरांनी सगळा भार माझ्यावर टाकला. माझं टोक फरशीवर नव्हतं. ते त्यांच्याच डाव्या पायावर होतं, आणि पायात उघडी चप्पल होती. खिळा अंगठ्याजवळ आत शिरला. मला ते कळलं, मित्रांनो, आणि मला ओरडता आलं नाही. सर मात्र हसतमुखाने सांगत होते, "मुलांना धावू दे रे भरपूर."

ड्रायव्हरचं लक्ष खाली गेलं. फरशीवर रक्त होतं.

"अहो सर, पाय!" त्याने मला बाजूला ओढलं, खाली बसून सरांचा पाय दोन्ही हातांत धरला. "दुखत नाही का हो?"

"नाही रे," सर म्हणाले आणि त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हा माझाच का?"

साक्षीत ड्रायव्हरला ट्रकबद्दल विचारलं. त्याने सांगितलं आणि शेवटी हात जोडले. "साहेब, एक बोलू? यांना दुखतं का, असं विचारू नका. कळतं का, ते विचारा."

"विचारलं तेवढंच बोला," विमा कंपनीचे वकील म्हणाले.

न्यायाधीशांनी मात्र सरांच्या पायाला गुंडाळलेल्या रुमालाकडे पाहिलं, आणि पुन्हा तपासणी करायला सांगितलं.

पुन्हा तीच खोली आणि तोच डॉक्टर. या वेळी त्याने स्वतः खाली बसून सरांच्या बुटाची नाडी सोडली. मुलीने मागून बाबांचे डोळे झाकले. डॉक्टरच्या हातात बारीक सुई होती.

"टोचलं की सांगा, सर."

सर वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "अरे, कर की सुरू."

"झालं, सर," डॉक्टर म्हणाला आणि त्याने सुई खाली ठेवली.

दावा मंजूर झाला. मुलगी नोकरीवर परत गेली. जाण्याआधी तिने मला नवं रबर बसवलं. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, "बाबा, पाय बघितलात?" सर आरसा धरून तळवा बघतात आणि कुठे खरचटलं असेल ते खरं सांगतात. एवढं शिकायला त्यांना कवायतीपेक्षा जास्त कष्ट पडले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी कुबडी, काठी असेल तर तिचं टोक अधूनमधून पाहत जा. आणि घरातलं कुणी "मला काही होत नाही" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा, हात लावून पाहा.

मी अजून सरांजवळच आहे. एक दिवस तेही मला कुठल्यातरी दारात विसरतील आणि शीळ घालत निघून जातील, असं मला फार दिवस वाटायचं. पण सर मला कधीच विसरत नाहीत.